पिल्लाच्या पोटाला मानवेल असं अन्न कसं शोधायचं?

मांजराचं पिल्लू घरी आलं की पहिले दोन दिवस नुसत्या कौतुकात जातात. तिसऱ्या दिवशी ट्रेमध्ये पातळ शी दिसते आणि धावपळ सुरू होते. हे पाकीट बंद, ते आणा. एक जण म्हणतो दूध द्या, दुसरा म्हणतो दूध तोडा. मीही यातून गेलेय. ठिपकी नावाच्या पिल्लाला मी बारा दिवसांत चार वेगवेगळी खाद्यं चारली. नवं पाकीट उघडलं की एखादा दिवस बरा जायचा, मग पुन्हा तेच. शेवटी शी तपासून घेतली तेव्हा कॉक्सिडिया नावाचे परजीवी निघाले. चारही पाकिटं बिचारी निर्दोष होती. माझ्या अदलाबदलीमुळे तिच्या आतड्यांना उसंत मात्र मिळाली नाही.

म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम जरा उलटा वाटेल. नवं अन्न निवडण्याचं काम बरंच पुढे येतं. कितीही घाई असली तरी आधीच्या पायऱ्या गाळू नका. पुष्कळ पिल्लांचा प्रश्न तिथेच सुटतो.

पायरी १: घरी थांबायचं की दवाखान्यात निघायचं?

पिल्लू खेळतंय, खातंय, उलटी नाही, फक्त शी मऊ आहे, असं असेल तर एक-दोन दिवस घरी लक्ष ठेवायला हरकत नाही. पण शीत रक्त दिसलं, उलट्या थांबत नसल्या, पिल्लू कोपऱ्यात मलूल पडून असेल किंवा बारा तासांत त्यानं तोंडात काही घेतलं नसेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि निघा. लसीकरण पूर्ण नसलेल्या पिल्लाला उलटी, जुलाब आणि मरगळ एकदम आली तर पॅनल्यूकोपेनिया असू शकतो. हा पार्वो विषाणूचा आजार आहे आणि त्यात तास मोजून हालचाल करावी लागते.

शरीरातलं पाणी कमी झालंय का हे बघायला हिरड्यांवर बोट फिरवा. ओलसर, गुळगुळीत लागल्या तर ठीक. चिकट किंवा कोरड्या लागल्या तर थांबू नका. मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची युक्ती सगळ्यांना माहीत असते, पण अगदी लहान पिल्लांत ती फसवी ठरते. मी हिरड्यांवरच भरवसा ठेवते.

दोन गोष्टी अजिबात करू नका. एक, लंघन. मोठ्या माणसाचं पोट बिघडलं की एक वेळ उपास चालतो. पिल्लाच्या अंगात साठा असा नसतोच, त्याची रक्तातली साखर झपाट्यानं उतरते. दुसरी, माणसांच्या औषधांच्या डब्याला हात लावणं. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्याही स्वतःच्या मनानं द्यायच्या नाहीत.

पायरी २: वही आणि वजनकाटा

एक साधी वही घ्या. रोज तीन नोंदी: काय आणि किती खाल्लं, शी किती वेळा आणि कशी झाली, वजन किती. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. वर एक वाडगं ठेवायचं आणि त्यात पिल्लू बसवायचं. दोन ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी चालतं, वेळ मात्र रोज तीच ठेवा.

जन्माच्या वेळी पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं. त्यानंतर पहिले चार-पाच महिने वयाच्या दर महिन्याला अंदाजे ४५० ग्रॅम हा ढोबळ हिशेब धरा, म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू ९०० ग्रॅमच्या आसपास. चणीनुसार थोडंफार मागेपुढे होतं. आकडा किती आहे यापेक्षा तो रोज वर सरकतोय का हे महत्त्वाचं. शी मऊ असूनही वजन नेमानं वाढत असेल तर तुमच्या हातात वेळ आहे. वजन दोन-तीन दिवस अडलं किंवा उतरलं तर शी कशीही असो, पशुवैद्याला दाखवा.

आता शीकडे बघू. नाक मुरडून चालायचं नाही, सगळी माहिती तिथेच असते. पशुवैद्य शीची प्रत १ ते ७ अशा श्रेणीत मोजतात. १ म्हणजे कडक खडे, ७ म्हणजे नुसतं पाणी. २ किंवा ३ उत्तम: आकार नीट, उचलल्यावर तुटत नाही. घरच्या वहीत ‘घट्ट, मऊ पण आकार आहे, पातळ, पाणी’ असे चार शब्द पुरेत.

याखेरीज एक भेद ओळखायला शिका. दिवसातून दोन-तीनदाच पण भरपूर पातळ शी होते आणि वजन घटतं, तेव्हा बिघाड बहुधा लहान आतड्यात असतो. उलट पिल्लू सारखं ट्रेकडे पळतं, कुंथतं, दर वेळी थोडीशीच शी येते, तिच्यावर शेंबडासारखा बुळबुळीत थर किंवा ताज्या रक्ताचा ठिपका दिसतो, तेव्हा गडबड मोठ्या आतड्यात. दवाखान्यात हे एवढं सांगता आलं तरी पुढची तपासणी नेमकी होते. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. संकोच कसला, पशुवैद्यांना त्याची सवय असते.

उलटीचंही तसंच. खाल्ल्या खाल्ल्या, पोट न आवळता, अख्खे दाणे नळीच्या आकारात बाहेर पडले तर ती खरी उलटी नव्हे. अधाशासारखं गिळल्यामुळे अन्न परत आलेलं असतं. एकदा-दोनदा असं झालं तर घास लहान करून, पसरट ताटलीत थोडं थोडं वाढून बघा. नेहमीच होत असेल तर मात्र दाखवून घ्या.

पायरी ३: जंत आणि त्यांचे भाऊबंद

पिल्लाला जंत नसतील असं गृहीत धरूच नका. गोल जंतांच्या अळ्या आईच्या दुधातूनच पिल्लांत उतरतात, त्यामुळे स्वच्छ घरातलं, कधी बाहेर न गेलेलं पिल्लूही सुटत नाही. अंग बारीक आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं, हे त्याचं ओळखीचं रूप. जंताचं औषध तिसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी, दूध सुटल्यानंतर दोन आठवडे होईपर्यंत, आणि पुढे सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्यातून एकदा, असा क्रम सर्वसाधारणपणे सांगितला जातो. एका डोसात काम होत नाही, कारण औषध आतड्यातले मोठे जंत मारतं. शरीरात इतरत्र फिरणाऱ्या अळ्या नंतर आतड्यात येऊन मोठ्या होतात. डोस पिल्लाच्या वजनावर ठरतो, म्हणून तो पशुवैद्याकडूनच घ्या. कुत्र्यांसाठीची औषधं मांजराला देऊ नका.

खरी गफलत पुढे होते. ‘जंताचं औषध दिलंय’ म्हणून लोक निश्चिंत होतात. नेहमीच्या जंताच्या औषधानं कॉक्सिडिया मरत नाहीत. जिआर्डिया हा दुसरा परजीवी, त्याला वेगळं औषध, वेगळे दिवस लागतात. तिसरा एक प्राणी आहे, ट्रायट्रायकोमोनास. यात पिल्लू दिसायला ठणठणीत असतं, उड्या मारतं, पण शी आठवडे न् आठवडे पातळ आणि विलक्षण घाण वासाची राहते. तो साध्या तपासणीत सहज निसटतो, त्यासाठी पीसीआर, म्हणजे परजीवीचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी करावी लागते. बऱ्याच ठिकाणच्या पिल्लांची जिथे दाटी असते तिथून आणलेल्या पिल्लात याची आठवण ठेवा.

तपासणीसाठी शी ताजी हवी, शक्यतो त्याच दिवसाची. जिआर्डियाचे कोष रोज बाहेर पडत नाहीत, त्यामुळे दोन-तीन दिवसांचे नमुने दिले तर सापडण्याची शक्यता वाढते. एक तपासणी स्वच्छ आली म्हणून विषय संपत नाही.

पायरी ४: सध्या पोटात काय काय जातंय?

अन्न बदलण्याआधी आहे त्या खाण्याची उलटतपासणी करा. पहिला आरोपी बहुतेक वेळा दूधच असतं. आईचं दूध सुटत जातं तसं पिल्लाच्या आतड्यातलं लॅक्टेज हे पाचक द्रव्य कमी होत जातं. मग गाईच्या दुधातली साखर पचत नाही, ती मोठ्या आतड्यात आंबते, सोबत पाणी ओढून घेते, आणि जुलाब होतात. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाची गरज नसते. स्वच्छ पाणी पुरतं. त्याहून लहान, आई नसलेलं पिल्लू असेल तर मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध-पावडर वापरायची, गाईचं दूध पातळ करून नव्हे.

दुसरा आरोपी म्हणजे अचानक झालेला बदल. पिल्लू जिथून आणलं तिथे ते काय खात होतं हे विचारलंत का? ते खाणं तुमच्या मते हलकं असलं तरी पहिला आठवडा तेच चालू ठेवा. नवं घर, नवे वास, आई-भावंडं दुरावलेली. एवढ्या ताणानंही शी मऊ होते. त्यात ताटलीही बदलू नका.

तिसरा, जास्त खाणं. याच्याकडे फार कमी लोक बघतात. एक किलोच्या पिल्लाला दिवसाला सुमारे १७५ किलोकॅलरी लागतात. किलोमागे बघितलं तर ही नसबंदी झालेल्या मोठ्या मांजराच्या जवळजवळ तिप्पट गरज झाली, म्हणून पिल्लू सदा भुकेलं वाटतं. बऱ्याच पाकिटांवर १०० ग्रॅममागे किती किलोकॅलरी ते लिहिलेलं असतं. ४०० असतील तर दिवसाला ४४ ग्रॅम दाणे; चार वेळांत वाटले तर दर वेळी ११ ग्रॅम, म्हणजे मूठभरसुद्धा नाही. ९० किलोकॅलरीचं वेट फूड, म्हणजे पाऊच-डब्यातलं ओलं खाद्य असेल तर तेच गणित १९५ ग्रॅमवर जातं. हा आकडा सुरुवातीचा अंदाज आहे. पुढे वजनाची वही बघून कमीजास्त करा. पण वाडगं काठोकाठ भरून ठेवत असाल आणि पिल्लू पोट टम्म होईपर्यंत खात असेल, तर नुसतं मोजून वाढल्यानंही आठवडाभरात शी बांधली जाते.

चौथा आरोपी घरातला माणूस. कुणीतरी टेबलाखालून तुकडा सरकवत असतो. त्याला वहीत लिहायला लावा.

पायरी ५: पाकीट वाचायला शिका

इथपर्यंत सगळं तपासलं आणि शी अजून मऊच आहे, तर आता अन्नाकडे वळू.

समोरच्या बाजूची चित्रं सोडून द्या, पाकीट उलटं करा. पहिली गोष्ट शोधायची ती म्हणजे हे अन्न ‘वाढीच्या वयासाठी’ किंवा ‘सर्व वयांसाठी’ संपूर्ण आहे असं विधान. अमेरिकेत आफ्को आणि युरोपात फेडिआफ या संस्था पोषणाचे निकष ठरवतात आणि बऱ्याच पाकिटांवर त्यांचा उल्लेख असतो. आफ्कोच्या निकषात कोरड्या वजनावर वाढत्या पिल्लासाठी किमान ३० टक्के प्रथिनं धरली आहेत, मोठ्या मांजरासाठी २६. ‘पूरक’ किंवा ‘खाऊ’ असं लिहिलेलं पाकीट रोजचं जेवण होऊ शकत नाही.

इथेच नवख्यांचा पाय घसरतो. ‘सेन्सिटिव्ह स्टमक’ असं मोठ्या अक्षरांत छापलेली बरीच खाद्यं मोठ्या मांजरांसाठी असतात. त्या शब्दांना नेमकी कायदेशीर व्याख्या नाही. कंपनीला पचायला सोपं वाटलं, तिनं छापलं. पिल्लाला पोटासाठी म्हणून ते सुरू करायचं आणि वाढीसाठी लागणारं त्यातून मिळायचंच नाही, असा प्रकार होतो. वाढीचं विधान नसेल तर पाकीट कितीही पोटाची भाषा बोलो, परत ठेवा.

प्रथिनांची तुलना करताना वेट आणि ड्रायचे छापील आकडे शेजारी ठेवू नका. वेट फूडमध्ये ७८ टक्के पाणी आणि १० टक्के प्रथिनं असतील तर कोरडा भाग उरला २२; १० भागिले २२, म्हणजे सुमारे ४५ टक्के. ३५ टक्के छापलेल्या ड्राय फूडपेक्षा हे जास्त भरलं.

घटकांची यादी जितकी आटोपशीर तितकं पुढे दोषी शोधणं सोपं. प्राण्याचं नाव स्पष्ट हवं: कोंबडी, टर्की, ससा. नुसतं ‘मांस व प्राणिजन्य पदार्थ’ असेल तर दर खेपेला आत काय आहे ते कळत नाही. धान्य नसलेलं खाद्य पोटाला हलकं असतं हा समज पसरला आहे, पण मांजरांत अन्नाची ॲलर्जी आढळते तेव्हा कारण म्हणून सर्वांत जास्त नोंदले गेलेले पदार्थ गोमांस, मासे आणि कोंबडी हे आहेत. ‘ग्रेन फ्री’साठी जादा पैसे मोजण्यात मला अर्थ वाटत नाही. वेट फूड घट्ट करायला घातलेल्या गवार गम, कॅराजीनान अशा डिंकांनी मात्र काहींची शी सैल होते. रश्श्याचं सोडून साध्या लगद्याचं घेतल्यावर फरक पडलेला मी पाहिलाय.

ड्राय की वेट? नाजूक पोटाच्या पिल्लाला मी वेटकडे झुकते, कारण जुलाबात गेलेलं पाणी त्यातून परत मिळतं. पण जे आधीपासून ड्रायवर नीट वाढतंय त्याला त्यासाठी हलवू नका.

पायरी ६: दहा दिवसांचा बदल

एकच अन्न निवडा. चार पाकिटं एकदम आणू नका, मोह होतो.

दिवस १ ते ३: पाऊण हिस्सा जुनं, पाव हिस्सा नवं.
दिवस ४ ते ६: निम्मं-निम्मं.
दिवस ७ ते ९: पाव जुनं, पाऊण नवं.
दिवस १०: सगळं नवं.

मध्येच शी बिघडली तर एक टप्पा मागे या, दोन दिवस तिथेच थांबा, मग पुढे. या दहा दिवसांत नवा खाऊ नाही, नवं टॉनिक नाही. लस किंवा नवीन पाळीव प्राणी घरात आणणं पुढे ढकलता येत असेल तर तेही ढकला. लसीचं मात्र पशुवैद्याला विचारून. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की कुणामुळे काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही.

तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार-पाच वेळा, पुढे सहा महिन्यांपर्यंत तीन-चार वेळा थोडं थोडं द्या. फ्रिजमधलं अन्न थेट पुढे करू नका. कोमट पाण्याच्या भांड्यात पाऊच ठेवून ते साधारण अंगाइतकं गरम करा. वासही सुटतो आणि रुसलेलं पिल्लू खायला येतं. उष्टं वेट फूड तासाभरात उचला. उघडलेला डबा झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. दाणे त्यांच्याच पाकिटात, तोंड घट्ट बांधून. उघडे राहिले की त्यातली चरबी खवट होते, आणि खवट दाण्यानं चांगल्या पोटाचंही वाटोळं होतं.

घरचं शिजवून दिलं तर?

हा प्रश्न येतोच. पोट बिघडलेल्या दोन-तीन दिवसांत पशुवैद्य कधी कधी बिनमिठाची, बिनमसाल्याची, हाडं काढलेली उकडलेली कोंबडी द्यायला सांगतात. तेवढं ठीक. कांदा आणि लसूण त्यात चुकूनही नको, त्यांनी मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. पण ‘शी बांधली ना, मग हेच चालू ठेवू’ हा विचार महागात पडतो. नुसत्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. वाढतं शरीर मग हाडांतूनच कॅल्शियम काढायला लागतं आणि काही आठवड्यांत पिल्लू लंगडतं, साध्या उडीनं हाड मोडतं. टॉरिन या पोषकद्रव्याचाही प्रश्न आहे. मांजर ते पुरेसं स्वतः बनवू शकत नाही. १९८७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की मांजरांच्या हृदयाचा एक जीवघेणा आजार टॉरिनच्या कमतरतेमुळे होतो. तोवर बाजारातल्या तयार खाद्यांतही ते कमी पडत होतं. कारखान्यांचं तेव्हा चुकत होतं, तर अंदाजानं केलेल्या आपल्या रश्श्याचं काय? कायम घरचंच द्यायचं असेल तर प्राणिपोषणाच्या तज्ज्ञाकडून प्रमाण लिहून घ्या. कच्चं मांस पोट नाजूक असताना देऊच नका; साल्मोनेला हा रोगजंतू त्याच वाटेनं येतो, तुमच्या हातालाही लागतो.

भोपळ्याचा गर घालण्याचा सल्लाही ऐकाल. त्यातल्या तंतूंनी मोठ्या आतड्याच्या तक्रारीत थोडा फायदा होऊ शकतो, पण पिल्लाचं पोट मुळात एवढंसं. ते भोपळ्यानं भरलं तर प्रथिनं कुठे मावणार? अर्ध्या चमच्याच्या आतच थांबा. प्रोबायोटिक, म्हणजे आतड्याला उपयोगी जिवाणूंचं पूरक, घ्यायचं तर मांजरांसाठी बनवलेलं घ्या. एन्टेरोकॉकस फेशियम या जिवाणूचा मांजरांत अभ्यास झालेला आहे.

पायरी ७: वाट बघा, आणि नाहीच जमलं तर

पूर्ण नव्या अन्नावर आल्यावर किमान दोन आठवडे थांबा. शी दर दिवशी सारखी येणार नाही. वहीत आठवड्याचा कल बघा. दोन आठवड्यांत काहीच हललं नाही आणि तपासण्याही स्वच्छ असतील, तर पशुवैद्य दोन वाटा सुचवतील. एक, पिल्लांना चालणारं पोटाच्या आजारासाठीचं खास खाद्य. दुसरी, अन्नाची परीक्षा: पिल्लानं आजवर न चाखलेल्या प्राण्याचं मांस, किंवा ज्यातली प्रथिनं शरीराला ओळखू येणार नाहीत इतकी बारीक तोडलेली आहेत असं हायड्रोलाइज्ड खाद्य. पोटाच्या तक्रारीत याचा परिणाम सहसा दोन ते चार आठवड्यांत दिसतो. कातडीच्या खाजेला आठ-बारा आठवडे लागतात. या काळात एक चाटण, चवीचं एक औषधसुद्धा परीक्षा बाद करतं. बरं वाटल्यावर जुनं अन्न मुद्दाम पुन्हा देऊन बघायचं असतं. जुलाब परतले तरच दोष त्या अन्नाचा. हे करायला कुणाचं मन धजत नाही, त्यामुळे कित्येक मांजरं नसलेल्या ॲलर्जीचं महागडं खाद्य जन्मभर खात राहतात.

मानवणारं अन्न एकदा सापडलं की त्याचं नाव, प्रकार आणि ग्रॅम वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि पाकीट संपायच्या दहा दिवस आधी दुसरं आणून ठेवा, म्हणजे ते मिळालं नाही तरी हळूहळू बदलायला हाताशी जुनं असेल. साधारण बारा महिन्यांचं झालं की पिल्लूपण संपतं आणि मोठ्यांचं खाद्य सुरू करायची वेळ येते. तेव्हा पहिल्या दिवशी पाव हिस्सा.